आत टाकणं म्हणजे उपचार नव्हे
व्यसनाच्या उपचाराच्या पायऱ्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातला एखादा माणूस दारूपायी हाताबाहेर गेला की कोल्हापुरात बैठक बसते. भाऊ, मेहुणे, गल्लीतले दोन ज्येष्ठ, कधी तालमीतले वस्ताद. बोलणं फिरून फिरून एकाच वाक्यावर येतं : "सहा महिने आत टाकूया, सरळ होईल." कुठं टाकायचं, ते कुणाच्या तरी मोबाईलमधल्या नंबरवरून ठरतं. त्याला नेमकं काय झालंय, ते कितपत वाढलंय आणि तो परत आल्यावर पुढं काय, हे तीन प्रश्न मात्र बैठकीत कुणी काढत नाही. उपचाराची सुरुवात खरं तर याच तीन प्रश्नांपासून होते. ते न विचारल्यामुळे जे समज पक्के होऊन बसलेत, त्यांतले काही इथं तपासून पाहू.

गैरसमज १ : उपचार म्हणजे दाखल करणं

वस्तुस्थिती : दाखल करणं ही उपचाराची एक पायरी आहे, आणि ती सगळ्यांना चढावी लागत नाही. सगळ्यात खालची पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या किंवा घरच्या डॉक्टरांनी वेळीच केलेली चौकशी आणि समज. त्यावरची ओपीडी : ठरलेल्या दिवशी यायचं, गोळ्या घ्यायच्या, समुपदेशकाशी बोलायचं आणि घरी जायचं. तिसरी दिवसभराच्या उपचारांची. आठवड्यातले काही दिवस काही तास केंद्रात, रात्री घरी. चौथी निवासी केंद्राची. सगळ्यात वरची म्हणजे रुग्णालयातला वॉर्ड, जिथं चोवीस तास डॉक्टर आणि नर्स असतात. अमेरिकेतल्या व्यसनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेनं १९९१ मध्ये या पायऱ्यांचे निकष पहिल्यांदा लिहून काढले आणि २०२३ मध्ये त्यांची चौथी आवृत्ती आली. त्यामागचं तत्त्व साधं आहे. ज्या पायऱ्यांवर माणूस सुरक्षित राहील, त्यांतली सगळ्यात कमी बंधनाची निवडायची. तब्येत सुधारली की खाली उतरवायचं, बिघडली की वर न्यायचं.

पायरी ठरवताना डॉक्टर फक्त "किती पितोस" एवढंच विचारत नाहीत. नशा सोडली तर शरीराला धोका किती? लिव्हर, शुगर, क्षयरोग असं आणखी काही आहे का? मन कितपत खचलंय, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का? त्याला स्वतःला सोडायची आहे का? पुन्हा घसरायची शक्यता किती? आणि तो ज्या घरात, ज्या गल्लीत, ज्या कामावर परत जाणार, तिथं त्याला आधार मिळेल की ग्लास?

दोघांची उदाहरणं घ्या. दोघेही कल्पित आहेत, पण असे दोघे तुमच्या ओळखीत असतील. पहिला पंचेचाळिशीचा, साखर कारखान्यात फिटर. सकाळी हात इतके थरथरतात की चहाची बशी तोंडापर्यंत जात नाही, म्हणून दात घासायच्या आधी क्वार्टर लागते. दोन वर्षांपूर्वी तापात दोन दिवस पिणं बंद झालं तेव्हा फिट आली होती. कावीळ होऊन गेली. बायको माहेरी. दुसरा तिशीचा, शिरोलीच्या फौंड्रीत. शनिवारी पडेपर्यंत पितो, सोमवारी दांडी मारतो, गाडीवरून एकदा पडलाय. पण मधले पाच दिवस थेंबही नसतो आणि हातही थरथरत नाही. आई आणि बायको घरात आहेत, "सोडायची आहे" असं तो स्वतः म्हणतो. आठवड्याचा हिशेब काढला तर दोघांची बाटली कदाचित फार वेगळी भरायची नाही. तरीही पहिल्याला आधी रुग्णालयाचा वॉर्ड लागेल, मग निवासी केंद्र आणि मग ओपीडी. दुसऱ्याचं काम नीट चाललेल्या ओपीडीत होण्याची चांगली शक्यता आहे. त्याला सहा महिने आत टाकलं तर आधी नोकरी जाईल, आणि परत आल्यावर प्यायला एक कारण वाढलेलं असेल.

खालच्या पायरीवर खरंच काम होतं का? याचं उत्तर शेजारच्या गोव्यानं दिलंय. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगथ' या संस्थेनं डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं. त्यांनी बेसुमार पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत बोलायचं, एवढाच उपचार. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या गटातल्या ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हे दारूवर पूर्ण अवलंबून झालेले रुग्ण नव्हते, त्या वाटेवर असलेले लोक होते. आपल्या बैठकीत नेमकी हीच माणसं "अजून काही एवढं झालं नाही" म्हणून सुटतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनं देशाचं चित्र मांडलं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसली तरी मदत मिळते, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० जणांमागे एकाला. म्हणजे उपचार म्हणजे खाट असं धरून बसलो, तर बहुतेकांच्या वाट्याला काहीच येत नाही.

गैरसमज २ : मनात आणलं तर एका दिवसात सुटते

वस्तुस्थिती : गटारीला शेवटची घेऊन श्रावण पाळणारे आपल्याकडे पुष्कळ. कुणी माळ घालतो, कुणी देवासमोर शपथ घेतो. निश्चयाला कमी लेखायचं कारण नाही. माळकऱ्याला वारीत, भजनात पिण्यावाचूनची सोबत मिळते आणि ती मोलाची असते. पण रोज सकाळपासून पिणाऱ्यानं श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद केली, तर पुढचे चार दिवस जिवावर बेतू शकतात. सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो. यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते आणि हातातला वेळ उतारा काढण्यात जातो.

म्हणून पूर्वी फिट आलेली असेल, भ्रम झालेला असेल किंवा सकाळी प्यायल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, तर दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. शपथ नंतरही घेता येते. दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. "श्रावणभर शिवत नाही, म्हणजे मला व्यसन नाही" हेही खरं नव्हे. महिनाभर थांबता येणं चांगलंच. पण भाद्रपदात पुन्हा जुनंच गाडं सुरू होत असेल, तर ओपीडीची पायरी चढायची वेळ आलेली आहे.

गैरसमज ३ : सलाईन लावून उतरवली, म्हणजे सुटली

वस्तुस्थिती : शरीरातली दारू उतरवणं हे साधारण आठवडाभराचं काम. त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आधी पुरेशा मोठ्या डोसनं सुरू करून हळूहळू कमी करतात आणि सोबत बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देतात. हे थायमिन महत्त्वाचं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते फार कमी उरलेलं असतं. अशा माणसाला ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. "जरा सलाईन लावा, तरतरी येईल" असा हट्ट गल्लीतल्या दवाखान्यात धरू नये तो यासाठी.

आणि हे सगळं नीट झालं तरी झालं काय? शरीर मोकळं झालं. पिण्याची ओढ, ती भागवायची सवय, पिणारे मित्र आणि रिकामी संध्याकाळ जिथल्या तिथं असतात. ब्राऊन शुगरसारख्या अफूजन्य नशेत तर इथंच मोठा धोका लपलेला असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापानं घेतो आणि तेवढ्यानं श्वास थांबतो. पुढचा बेत न ठरवता नुसतं 'उतरवून' घरी पाठवणं अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

गैरसमज ४ : जबरदस्तीनं उचलून नेलं आणि जास्तीत जास्त महिने ठेवलं, की सुधारतो

वस्तुस्थिती : २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेले मनोविकार त्यात येतात. माणूस स्वतःहून दाखल झाला तर घरी सोडा असं म्हणण्याचा हक्क त्याला आहे. त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचं, तर त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, आणि एक मानसोपचारतज्ज्ञ व दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा धोका आहे, किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येत नाही, असं दोघांचंही मत पडलं तरच हा मार्ग खुला होतो. हा मुक्काम सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांचा. साखळीनं बांधायला कायद्यानं कुठल्याही स्वरूपात बंदी आहे. दाखल करून घेणारी संस्था राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली असावी लागते. रात्री गाडी पाठवून चौघांनी उचलून नेणं यात कुठंच बसत नाही.

मुक्कामाच्या लांबीचं म्हणाल, तर १९८० च्या दशकात पुण्यात गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, थैमान सुरू झालं, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथला निवासी उपचार पाच आठवड्यांचा. पण त्यानंतरचा फॉलो-अप हा तिथल्या उपचाराचाच भाग मानला जातो. व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथं कार्यकर्ते म्हणून नव्या पेशंटला सांभाळतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' हे कोल्हापूरला जवळचं, असंच काम. अभ्यासांचा कल सांगतो की उपचाराशी एकूण तीन महिन्यांपेक्षा कमी काळ संबंध राहिला तर फायदा फार टिकत नाही. मात्र हे तीन महिने कुलपाआडच काढायला हवेत, असं नाही. वॉर्ड, केंद्र आणि ओपीडी मिळून ते भरतात, आणि त्यानंतरही येणं-जाणं चालू राहावं लागतं.

गैरसमज ५ : न सांगता जेवणातून औषध दिलं की काम होतं

वस्तुस्थिती : "पेशंटला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतीवर आणि बसस्टँडवर वाचलेल्या असतील. अशा पुडीत काय आहे ते देणाराही सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं औषध खरंच आहे. दारूच्या उपचारातला त्याचा उपयोग डेन्मार्कच्या संशोधकांनी १९४८ मध्ये जगापुढं मांडला. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. त्याचा परिणाम गोळी थांबवल्यावरही जवळपास दोन आठवडे राहतो. म्हणूनच हृदय आणि लिव्हर तपासून, त्याला सगळं समजावून, त्याची संमती घेऊनच ती गोळी देतात. बायकोच्या हातून रोज सकाळी, दोघांनाही ठाऊक असताना घेतलेली हीच गोळी चांगली कामाला येते. आमटीत मिसळलेली तीच गोळी विषासारखी ठरू शकते, आणि ते उघडकीला आलं की नवरा-बायकोतला उरलासुरला विश्वासही जातो.

गैरसमज ६ : व्यसन कोणतंही असो, कोर्स एकच

वस्तुस्थिती : नशेनुसार पायरी आणि औषध बदलतं. तंबाखू सोडायला सहसा दाखल व्हावं लागत नाही. निकोटीनचं च्युइंगम, गोळ्या आणि समुपदेशन यांवर ओपीडीत काम होतं. १८०० ११ २३५६ या मोफत नंबरवर फोनवरूनही मदत मिळते. मावा, गुटखा आणि घरातल्या बायकांची मिश्री यांना आपण व्यसन म्हणतच नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि त्यांतले बहुतेक धूर न काढता.

अफूजन्य नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध महिनोन् महिने द्यावं लागतं. "एक नशा सोडवून दुसरी लावली" असं म्हणून घरचे ते बंद करतात आणि माणूस पुन्हा सुईकडे वळतो. झोपेच्या गोळ्या दारूसारख्याच एकदम बंद करायच्या नसतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ही तर आता आपल्या उंबऱ्यावरची गोष्ट आहे. चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखानाच पकडला होता. एमडीवर उतारा ठरेल असं खास औषध नाही. सोडल्यानंतरच्या दिवसांत येणारी खोल निराशा आणि आत्महत्येचे विचार यांवर नजर ठेवावी लागते, आणि मुख्य भार समुपदेशनावर असतो. पोलिसांच्या भीतीनं मुलाला लपवून ठेवणाऱ्या घरांनी एक माहीत करून घ्यावं. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला आला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. अट एवढीच, उपचार पूर्ण करायचे.

गैरसमज ७ : पुन्हा प्यायला, म्हणजे सगळे पैसे पाण्यात

वस्तुस्थिती : उपचारानंतर पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं, असं अभ्यास सांगतात. रक्तदाब आणि दम्याचे रुग्ण औषध-पथ्य सोडून पुन्हा आजारी पडतात त्यांचं प्रमाण याहून कमी नाही. बीपी वाढलं म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही, गोळ्यांचा डोस बदलून घेतो. इथंही तेच. घसरला म्हणजे बेत कुठंतरी कमी पडला. तो दुरुस्त करायचा, गरज असेल तर काही दिवस वरची पायरी.

मुळात बेत केलेला असतो का, हाच प्रश्न आहे. चांगलं केंद्र रुग्णाला सोडण्याआधी त्याला आणि घरच्यांना समोर बसवून एक कागद भरतं. कोल्हापूरच्या माणसाचा कागद कोल्हापूरच्या दिनदर्शिकेप्रमाणेच भरावा लागतो. पगाराची तारीख कोणती? उसाचं बिल खात्यावर कधी जमा होतं आणि त्या दिवशी एटीएम कार्ड कुणाकडे असेल? गटारीला तो कुठं असेल? गावच्या म्हाईला पाहुणे आले, मटण शिजलं, बाटली निघाली, तर उठून कुणाच्या घरी जायचं? लग्नाच्या वरातीत सोबत कोण? कामावरून येताना वाटेत बार लागत असेल तर दुसरा रस्ता कोणता? ओढ लागली की पहिला फोन कुणाला? त्यापुढं औषधांची नावं, आणि पहिल्या फॉलो-अपची तारीख, वार, वेळ. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, असं निदान वर्षभर. अशा कागदाशिवाय सोडलेला रुग्ण अर्ध्या उपचारावर सोडलेला असतो.

गैरसमज ८ : पितो तो, उपचार त्याचे, आमचं काय काम?

वस्तुस्थिती : वर्षानुवर्षं उधारी फेडणारी, साहेबांना "ताप आहे" म्हणून फोन करणारी, मार खाऊन गप्प बसणारी बायकोही तेवढीच थकलेली असते. मुक्तांगणनं अशा पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला तो यासाठीच. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या जोडीला कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात. दोन्ही ठिकाणी फी नसते. नवरा अजून तयार नसला तरी तिनं एकटीनं समुपदेशकाकडे जायला हरकत नाही. कुठली मदत करायची आणि कुठली थांबवायची, हे घरच्यांना कळलं की बऱ्याचदा तोही वाटेवर येतो. आणि व्यसन बाईला असेल तर ते घराच्या चार भिंतींत दाबू नये. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग त्यासाठीच आहे.

बैठकीत विचारायचे प्रश्न

पुढच्या वेळी अशी बैठक बसली की "कुठं टाकूया" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी त्याला सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, किंवा तुमच्या भरवशाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा आणि विचारा : याला कोणती पायरी लागेल, आणि का? केंद्र सुचवलं तर तिथं स्वतः जाऊन पाहा. नोंदणी दाखवता का? डॉक्टर किती वेळा येतात? रात्री फिट आली तर काय करता? आम्हाला भेटू-बोलू देता का? मुक्काम कशावरून ठरवता? सोडताना पुढचा बेत लिहून देता का? या प्रश्नांवर कुणी चिडलं तर तिथून परत फिरा. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा 'टेलि-मानस' १४४१६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत. पण हात थरथरत असतील, फिट आली असेल किंवा माणूस भ्रमात बोलत असेल, तर फोन करत बसू नका. त्याला थेट रुग्णालयात न्या.